जीप उचलण्याआधी

जुनी जीप किंवा जिप्सी घेऊन गॅरेजात शिरलेल्या हौशी मालकाचा पहिला प्रश्न बहुधा इंजिनाचा नसतो. ब्रेकचा तर नसतोच. तो विचारतो, "उचलायचे किती घ्याल?" गाडी उचलायची, म्हणजे पाट्यांची मांडणी बदलून तिला चार-सहा इंच उंच करायचे. मग मोठे टायर आले, पुढे विंच आला, डिफ-लॉक आला, बॉनेटच्या बाजूने वर गेलेले स्नॉर्केलचे नळकांडे आले. वर्षभरात गाडी ओळखू येत नाही, आणि पुष्कळदा पूर्वी चढत होती तो चढही तिला चढवत नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडे ऑफरोडिंगने चांगलेच बाळसे धरले आहे. शहरोशहरी क्लब निघाले. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज'ची भारतीय स्पर्धा सुरू झाली. इगतपुरीला महिंद्राने ऑफरोड ड्रायव्हिंग शिकवणारी अकादमी काढली. त्याच काळात या हौसेचा कच्चा माल मात्र आटत गेला. जुन्या जीप भंगारात गेल्या, जिप्सीचे उत्पादन थांबले आणि कायदाही कडक झाला. त्यामुळे जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांत बदल करावेत का, कोणते आणि कुठवर, हा प्रश्न आता नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. एकदा सगळा हिशेब मांडून पाहायला हवा.

घराणी तीन-चार

आपल्याकडच्या जुन्या फोर-बाय-फोरची घराणी मोजकी आहेत. पहिले अर्थातच विलीजचे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या पुष्कळशा जगभर लिलावात गेल्या. भारतात महिंद्राने स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली. सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद पडले, पण इथे त्याचा वंश पुढे कित्येक वर्षे चालला. प्यूजोच्या परवान्यावर बनलेले २११२ सीसीचे डिझेल इंजिन घेऊन आलेली एमएम ५४० त्याच वंशातली. पोलीस, वनखाते, पाटबंधारे, निवडणुकीचा प्रचार, वडाप, लग्नाची वरात असे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कुठलेही काम या जीपांनी सोडले नाही.

दुसरे घराणे सुझुकीचे. मारुती जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली ती ९७० सीसीच्या इवल्याशा इंजिनानिशी. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली. वजन टनाच्या आसपास, पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांवर पाटे. हिमालयातल्या रॅलींमध्ये वर्षानुवर्षे तिचेच राज्य होते, आणि सैन्यात तर ती हजारोंनी होती.

तिसरी जोंगा. निस्सानच्या 'पॅट्रोल' या मॉडेलवरून जबलपूरच्या सरकारी कारखान्यात सैन्यासाठी बनलेली ही धिप्पाड गाडी, चार लिटरच्या जवळपासचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन घेऊन, १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होती. सैन्याच्या लिलावातून ती शौकिनांच्या हाती आली आणि पेट्रोलचे भाव बघून त्यांतल्या अनेकांनी तिचे हृदयच बदलले. चौथे नाव पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाचे. वयाने ती जुनी नाही, पण या आढाव्यात तिचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. ते पुढे येईल.

याच गाड्या का?

आजच्या एसयूव्हीत हात घालायचा म्हटले की संगणक आडवा येतो. टायर मोठा झाला की एबीएस गोंधळते, वायरिंगला धक्का लागला की डॅशबोर्डवर दिवे पेटतात. जुन्या जीपेत असले काही नाही. शिडीसारखी चौकट, तिच्याखाली पुढे-मागे आसांची दोन अखंड हौसिंग, मध्ये पाटे आणि वर पत्र्याचे खोके. प्रत्येक भाग नट-बोल्टाने सुटतो. खराडीवाला तो घडवू शकतो आणि वेल्डिंगवाला जोडू शकतो. एका मॉडेलचा गिअरबॉक्स दुसऱ्यात थोड्याफार खटपटीने बसतो. भंगार बाजारात तासभर घालवला तर अर्धी जीप उभी राहील एवढे सामान सापडते.

अखंड हौसिंगचा आणखी एक गुण आहे. एक चाक दगडावर चढले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते, आणि दोन्ही चाके जमिनीला धरून राहतात. महिंद्राच्या २०१० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिले होते. रस्त्यावर ती त्यामुळे सुखाची झाली, पण खडकाळ ओढ्यात जुनी एमएम ५४० तिच्यापेक्षा सरस वाटते असे म्हणणारे आजही भेटतात, आणि ते नुसते आठवणींत रमणारे नसतात. उणिवाही मोठ्या आहेत. सीजे-३बीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, बूस्टर नव्हता, पहिला गिअर चालत्या गाडीत पडायचा नाही आणि स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून यायचे. म्हणून काही बदल गरजेचेच ठरतात. खरा प्रश्न कोणता बदल आधी आणि कोणता नंतर, याचा आहे.

टायर: सगळ्या हिशेबाचे मूळ

गाडी उचलली की ती जमिनीपासून उंच होते, असा सर्रास समज आहे. तो अर्धाच खरा. पाट्यांनी चौकट आणि बॉडी वर जाते, पण गाडीचा सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफचा, अर्थात डिफरेन्शियलचा, गोळा. तो हौसिंगला असतो आणि हौसिंग चाकांना. पाटे कितीही वाढवा, गोळा तिथेच राहतो. त्याला वर नेणारी गोष्ट एकच, टायर.

जिप्सी किंगचे मूळ टायर २०५/७० आर १५ मापाचे. त्यांचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर भरतो. त्या जागी ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटरचे टायर घातले, तर डिफ त्याच्या निम्म्याने, म्हणजे जवळपास सहा सेंटिमीटर वर जाईल. खडकावर सहा सेंटिमीटर पुष्कळ होतात. पण याची किंमत दुसऱ्या ठिकाणी वसूल होते. व्यास अठरा टक्क्यांनी वाढला म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी अठरा टक्के जास्त अंतर जाते. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५९ ने पळत असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट गिअरची. जिप्सी लो-रेंजमध्ये पहिल्या गिअरला असताना चाकाच्या एका फेरीमागे इंजिन साधारण ३२ फेरे मारते. मोठ्या टायरमुळे हे गुणोत्तर व्यवहारात २७-२८ वर येते. ज्या चढावर गाडी कुरकुरत का होईना पण चढत होती, तिथे आता क्लच जाळावा लागतो. जुन्या सीजे-३बीचे हेच गुणोत्तर ३७ च्या आसपास होते. इंजिन अशक्त असूनही ती मुंगीच्या पावलांनी चढायची, याचे गुपित इथे आहे.

म्हणून मोठ्या टायरमागोमाग गिअर बदलणे आलेच. एकतर डिफमधले क्राउन-पिनियन बदलायचे, नाहीतर ट्रान्स्फर केसमध्ये जास्त खोल लो-रेंजचे गिअर घालायचे. सुझुकीच्या या घराण्यासाठी परदेशात चारास एकच्या पुढचे संच मिळतात. जिप्सीचा मूळ आकडा सव्वादोनच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले की फरक कळेल. पण ताकद वाढली की ती कुठेतरी मोडतोडीतून बाहेर पडते. जिप्सीत ते ठिकाण बहुधा पुढच्या चाकाचा सांधा किंवा मागचा अर्धा शाफ्ट असते. मग तेही मजबूत करायचे. एक टायर बदलला आणि काम ब्रेकपासून शाफ्टपर्यंत पोहोचले. मोठे जड चाक थांबवायला मूळचे ब्रेक अपुरे पडतात, हे तर अनेकांना पहिल्या घाटातच उमगते.

या सगळ्यात एक बदल जवळजवळ फुकटचा आहे आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते: हवा कमी करणे. ३० पीएसआयचा टायर १५-१८ वर आणला की तो जमिनीवर लांबट पसरतो, दगडाला कवेत घेतो आणि वाळूत रुतत नाही. सोबत छोटा कंप्रेसर हवा, आणि रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायची शिस्त हवी. अवघड जागी अडकलेल्या निम्म्या गाड्या नुसत्या एवढ्याने निघतील.

पाट्यांची उलथापालथ

आता उचलण्याकडे येऊ. जिप्सीचे पाटे मुळात हौसिंगच्या खालून जातात. हौसिंगवर नव्या बैठका वेल्ड करून पाटे वरून घेतले की गाडी एका झटक्यात पाचेक इंच उंच होते. याला गॅरेजात 'स्प्रिंग ओव्हर' म्हणतात. नवे पाटे घ्यावे लागत नाहीत, म्हणून हा उपाय आपल्याकडे लाडका आहे.

एखाद्या चांगल्या मिस्त्रीला हे काम करताना पाहावे. गाडी स्टँडवर चढली, यू-बोल्ट कापले, हौसिंग बाहेर आले. साधा फिटर बैठक जुन्या कोनातच ठेवतो, जोडतो आणि मोकळा होतो. जाणता मिस्त्री तसे करत नाही. तो बैठक आधी दोन-दोन टाचणांवर धरतो, हौसिंग गाडीखाली सरकवतो आणि गाडीचे पूर्ण वजन पाट्यांवर सोडतो. मग प्रॉपेलर शाफ्ट लावून पिनियनचे तोंड किती वर करायचे ते कोनमापकाने ठरवतो. गाडी वर गेल्यामुळे शाफ्ट तिरका होतो. कोन चुकला तर युनिव्हर्सल जॉइंट थोड्याच दिवसांत कुरकुरू लागतो आणि एक दिवस सुटतो. कोन जमल्याशिवाय पक्के वेल्डिंग नाही.

तरी काम संपत नाही. स्टिअरिंगचा आडवा दांडा तिरका झाला, की खड्ड्यात चाक वर गेल्याबरोबर स्टिअरिंग आपसूक वळू पाहते. त्यासाठी दांड्याची जागा बदलावी लागते. ब्रेकचे रबरी पाइप लांब करावे लागतात, नाहीतर चाक पूर्ण खाली लोंबले की ते ताणून तुटतात. पाटे वर गेल्याने हौसिंगला जोर बसताच ते स्वतःभोवती पिळू पाहते, त्याला आवर घालणारा दांडा द्यावा लागतो. ही चार कामे केली नाहीत, तर नुसती उंच केलेली गाडी फोटोपुरती बरी असते. शिवाय गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे आडव्या उतारावर ती लवकर कलंडते, ते वेगळेच. जुन्या जीपा सहज उलटतात, हे उचलणाऱ्याने विसरू नये.

डिफ, विंच आणि बाकीचे दागिने

फोर-व्हील टाकले की चारही चाके ओढतात, हा दुसरा गोड गैरसमज. साध्या डिफमध्ये एका बाजूचे चाक हवेत गेले की ताकद तिकडेच वाया जाते, आणि जमिनीवरचे चाक ढिम्म उभे राहते. पुढे एक आणि मागे एक अशी तिरपी दोन चाके लटकली की फोर-बाय-फोर गाडीही निमूट थांबते. यावर उतारा म्हणजे डिफ-लॉक. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीचा हवेवर चालणारा लॉकर जगभर नावाजलेला आहे. बटण दाबले की बंद, सोडले की मोकळा. गरिबाचा उपाय म्हणजे डिफचे गिअर वेल्ड करून टाकणे. चिखलात तो चालतो. डांबरी रस्त्यावर वळताना मात्र टायर घासतो, शाफ्ट पिळतो आणि ओल्या वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हा उपाय करूच नये.

गुरखाचे महत्त्व इथे आहे. २०१३ ची गुरखा कारखान्यातूनच पुढे-मागे दोन्ही डिफ-लॉक आणि स्नॉर्केल घेऊन आली. २०१५ च्या थारलाही मागे लॉक होणारा डिफ मिळाला. गॅरेजातले बदल कंपन्यांनी कारखान्यात नेले, तेव्हा ते कायदेशीरही झाले आणि भरवशाचेही. अमेरिकेत हेच २००३ मध्ये रँग्लर रुबिकॉनने केले होते. त्या गाडीला नाव मिळाले ते ज्या वाटेचे, त्या रुबिकॉन ट्रेलवर १९५३ पासून जीपवाल्यांचे मेळावे भरत आले आहेत.

विंचची गोष्टही युद्धानंतरच्या जीपांपासून सुरू होते. वॉर्न ही कंपनी १९४८ मध्ये सिएटलला निघाली ती जीपांच्या पुढच्या चाकांसाठी लॉक होणारे हब बनवण्यासाठी. हौशी गाड्यांसाठीचे विंच पुढे आले. विंच हवाच, पण त्याच्या आधी त्याला धरणारी जागा हवी. चौकटीला नीट न जोडलेल्या बंपरवरचा विंच ताण येताच बंपरसकट उपटून येतो, आणि सुटलेली तार जीव घेऊ शकते. झाडाला तार सरळ बांधायची नाही, रुंद पट्टा बांधायचा. तारेवर जाड गोणपाट टाकायचे. आसपास कोणी उभे राहायचे नाही. हे तीन नियम विंचच्या किमतीपेक्षा मोलाचे.

स्नॉर्केल हा सर्वांत फसवा दागिना आहे. इंजिन पाणी ओढून आपटू नये यासाठी तो आहे, पण नळ्यांचे जोड हवाबंद नसतील तर तो नुसता शोभेचा. पाण्यात उतरलेल्या गाडीच्या डिफ आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या वर नेल्या नसतील, तर गरम डिफ गार पाण्यात शिरताच आत पाणी ओढतो, आणि तेलाचे ताक होते. या श्वासनळ्यांना लागणारा रबरी पाइप शे-दोनशे रुपयांचा. स्नॉर्केल घेणाऱ्यांतले किती जण तो घालतात?

रोल केजची गत तशीच. जाड भिंतीच्या सीडीएस पाइपचा, चौकटीला बांधलेला केज उलटलेल्या गाडीत माणूस वाचवतो. पाण्याच्या जीआय पाइपचा केज आधी वाकतो आणि मग आतल्याच्या डोक्यात बसतो. शिवाय हेल्मेट नसताना केजचा उघडा पाइप डोक्यापासून चार बोटांवर असणे हाच धोका आहे. स्पर्धेतली गोष्ट जशीच्या तशी रस्त्यावर आणली की ती उलटते, ती अशी.

इंजिनाचा फेरबदल

जीपेचे इंजिन बदलणे ही आपल्याकडची नवी खोड नाही. महिंद्राने स्वतःच पेट्रोलच्या जीपेत ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल बसवले होते, कारण शेतकऱ्याला पेट्रोल परवडत नव्हते. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या डबवालीत जुन्या जीपा कापून-जोडून नव्या थाटाच्या बनवायचा मोठा बाजारच उभा राहिला. तिथली आखूड 'लांडी' जीप लग्नापासून सोशल मीडियापर्यंत मिरवते. ती ऑफरोडसाठी नव्हेच, रुबाबासाठी. केरळच्या इडुक्कीत, चहामळ्यांच्या दगडी वाटांवर, जीपा आजही पोटासाठी धावतात. तिथले बदल साधे असतात: जाड पाटे, खणखणीत ब्रेक, आणि लगेच मिळणारे सुटे भाग.

इंजिन बदलताना दोन गोष्टी सुटतात. पहिली, वजन. जड डिझेल पुढे बसले की पुढचे पाटे दबतात आणि गाडी नाकावर चालते. दुसरी, गिअरची जोडणी. डिझेल कमी फेऱ्यांवर जोर देते, जिप्सीचे गिअर मात्र भराभर फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी आखलेले. जोडी जमली नाही तर अश्वशक्ती वाढूनही गाडी चढाला मंद वाटते. पन्नास-साठ अश्वशक्तीची एमएम ५४० चिखलातून निघते ती जोरामुळे नव्हे, खोल गिअर आणि अरुंद टायरमुळे. विलीजच्या ६.००-१६ मापाच्या अरुंद टायरांनी चिखल कापत खालची कडक जमीन गाठायची, हे युद्धातल्या लोकांना कळले होते. आज रुंद टायरांच्या नादात आपण ते विसरलो.

कायद्याची भिंत

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कारखान्याने दिलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा आधार घेऊन, कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना नोंदणी देता येणार नाही असे ठरवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अशी तरतूद आली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाडीपुढे लावायच्या लोखंडी बुल-बारवर बंदी घालायला राज्यांना सांगितले होते. परवानगी घेऊन त्याच प्रकारचे इंजिन बसवणे किंवा मान्यताप्राप्त सीएनजी संच लावणे, असे काही मार्ग खुले आहेत. पाटे, हौसिंग आणि ३१ इंची टायर त्यांत बसत नाहीत. अपघात झाला की विमा कंपनी पहिले बोट याच बदलांवर ठेवते.

या कडकपणामागे कारण आहे. बुल-बार पायी जाणाऱ्याला मारतो, वेल्ड केलेला डिफ रस्त्यावर घात करतो, जीआय पाइपचा केज खोटा दिलासा देतो. पण चांगला मिस्त्री आणि वाईट मिस्त्री यांच्यात कायदा फरकच करत नाही. कोन मोजून, ब्रेक वाढवून, स्टिअरिंग सुधारून उचललेली जिप्सी आणि चार ठोकळे घालून उचललेली जिप्सी, दोन्हींना एकच दंड. परिणाम असा की काम अंधारात होते आणि अंधारातल्या कामाला कोणी तपासत नाही. २०१८ च्या केरळच्या महापुरात ऑफरोड क्लबांच्या उंच जीपा पाण्यात उतरून माणसे काढत होत्या. त्यांचे कौतुक झाले, पण त्यातल्या कित्येक गाड्या नियमांनुसार रस्त्यावर यायलाही अपात्र होत्या.

बाहेर याला वाटा काढलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांतल्या बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे. ठरावीक मर्यादेपलीकडचा बदल अभियंता तपासतो आणि प्रमाणपत्र देतो. जर्मनीत तांत्रिक तपासणी संस्थेचा शिक्का लागतो. ब्रिटनमध्ये तर बरीच वर्षे गुणपद्धत होती: मूळ चौकटीला ५ गुण, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. आठ गुण राखले तर गाडी आपला जुना क्रमांक राखत असे. इंजिन बदलले तरी गाडी तीच राहते, चौकट गेली की गाडी गेली, एवढी स्पष्ट भूमिका त्यात होती.

आपल्याकडे असा विचार एकाच जागी डोकावतो. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी आणि चौकट, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. म्हणजे १९६० च्या दशकातली सीजे-३बी मूळ रूपात असेल तर तिला मान आहे. कापून-वाढवून ऑफरोडर केली असेल तर ती सामान्य जुनी गाडी, पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीच्या आणि हरित कराच्या फेऱ्यात. उचलण्याआधी मालकाने हाही हिशेब करायला हवा. जितक्या जुन्या जीपा कापल्या जातील, तितकी उरलेल्या अस्सल गाड्यांची किंमत वाढत जाणार आहे.

जमीन कोणाची?

ऑफरोडिंगवर टीका होते ती मुख्यतः इथे. सह्याद्रीतले सडे वरवर ओसाड दिसतात. पण जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यात जी फुले येतात, ती दुसरीकडे येत नाहीत. कासचे पठार त्याचे ठळक उदाहरण. तिथून रुंद टायरांची एक रांग गेली की मातीचा तो थर उपटतो, पुढच्या पावसात त्या चाकोरीतून पाणी वाहते आणि चाकोरीचा ओहोळ होतो. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात; वाळूत गाडी फिरवणे तिथे खेळ नसून नासधूस आहे. भातखाचरांचे बांध फोडून गेलेल्या ताफ्याला गावकरी पुढच्या वर्षी आडवे येतात, आणि ते बरोबरच करतात.

गोव्याच्या स्पर्धेने यावर एक मार्ग दाखवला आहे. स्पर्धेच्या गाड्या आखून दिलेल्या जागेत चालतात आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रेलरवरून येतात. चालक आणि सहचालक दोघेही हेल्मेट-पट्ट्यांत, केज तपासलेला, वाट ठरलेली. असे झाले की कायद्याचाही प्रश्न सुटतो आणि डोंगराचाही. डोंगरात मन मानेल तिथे गाडी घालणारा आणि हा खेळाडू, यांना एका मापाने मोजता येणार नाही.

मग करावे काय?

सगळे बघितल्यावर दिसते ते असे. जुन्या फोर-बाय-फोरचे मालक तीन प्रकारचे असतात आणि गोंधळ होतो तो एकाने दुसऱ्याचा कित्ता गिरवल्यामुळे. ज्याला अस्सल जुनी जीप जपायची आहे, त्याने चौकटीला आणि बॉडीला हात लावू नये; ब्रेक, वायरिंग, टायर यांची उत्तम देखभाल करावी, आणि जे बदलेल ते बोल्टाने बदलावे, कापून नव्हे. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून ठेवावा. ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे, त्याने आधीच कापलेली, कागदपत्रे संपलेली गाडी घ्यावी, ती पूर्ण बदलावी आणि ट्रेलरवरून न्यावी. अखंड, मूळ रूपातली जिप्सी चिखलात मोडायला घेणे आता परवडणारे नाही, कारण ती पुन्हा बनणार नाही.

सर्वांत मोठा वर्ग तिसरा: महिन्यातून एकदा घाटवाटेने जाऊन त्याच गाडीने सोमवारी कामावर जाणारा. त्याच्यासाठी क्रम असा असावा. आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर मूळ मापात सुस्थितीत. मग हवा भरायचा कंप्रेसर, ओढायचा पट्टा, पुढे-मागे चौकटीला पक्के जोडलेले हूक आणि डिफच्या वाढवलेल्या श्वासनळ्या. मग एखादी ऑफरोड प्रशिक्षणाची फेरी, कारण नवशिक्याच्या हातातला लॉकर त्याला जास्त अवघड जागी नेऊन अडकवण्यापुरताच उपयोगी असतो. एवढे करून जो चढ चढता आला नाही, त्याच्यासाठी पुढचा बदल करावा, आधी नाही.

आणि सरकारकडे मागणी करायची तर ती सरसकट मोकळीक देण्याची नसावी. बदलांच्या पायऱ्या ठरवा, प्रत्येक पायरीला काय तपासायचे ते लिहा, अभियंत्याला जबाबदार धरा आणि झालेला बदल नोंदणी पुस्तकात चढवा. परदेशात हे चालू शकते, तर जिथे महिंद्राच्या जीपा जुळल्या आणि गुरखा बनवणारी कंपनी आहे, त्या महाराष्ट्रात ते शिकवायला मिस्त्री कमी पडणार नाहीत. कमी पडते ती त्यांचे काम उजेडात आणून तपासणारी व्यवस्था.